वीण बघूनच ताडपत्री घ्या

मे महिना सरत आला की बेळगावच्या रविवार पेठेपासून खानापूर-निपाणीच्या बाजारापर्यंत ताडपत्र्यांच्या थप्प्या दुकानाबाहेर येतात. निळ्या, पिवळ्या, चंदेरी, वरून हिरव्या आतून काळ्या. गिऱ्हाईक विचारतं, ‘किती जीएसएम?’ दुकानदार सांगतो, ‘अडीचशे.’ चिमटीत धरून जाडी बघितली जाते, भाव ठरतो आणि घडी टेम्पोत पडते. याच ‘अडीचशे जीएसएम’च्या एचडीपीई (म्हणजे जास्त घनतेचं पॉलिथिन) ताडपत्रीचं हे परीक्षण आहे. तुलनेला सुती कॅनव्हास आणि पीव्हीसी लेपाचं जाड कापडही घेतलं आहे, कारण या भागात तिन्ही वापरात आहेत.

निकाल आधीच सांगून टाकतो. एचडीपीई ताडपत्री पैशाच्या मानाने उत्तम माल आहे, पण नुसता जीएसएम विचारून घेतली तर फसगत ठरलेली. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, एवढंच. त्या वजनात कापड किती, लेप किती आणि खडूची भुकटी किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ताकद असते ती कापडात.

शहापूर-वडगावच्या मागवाल्यांना ताणा-बाणा, म्हणजे उभे-आडवे धागे, समजावून सांगायला नको. ताडपत्रीच्या पोटातही तेच असतं, फक्त सुताच्या जागी प्लास्टिकची पट्टी. एचडीपीईचा पातळ पडदा ओतायचा, त्याच्या दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या आणि त्या गरम करून पाच-सहा पट ताणायच्या. पट्टीची खरी ताकद या ताणण्यातच तयार होते, कारण प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या लांबीच्या दिशेने सरळ होतात. मग गोल मागावर त्या नळीसारख्या विणतात, नळी उभी चिरून सपाट करतात आणि दोन्ही अंगांनी एलडीपीईचा, म्हणजे कमी घनतेच्या पॉलिथिनचा, वितळलेला लेप चढवतात. कापडाने ओढ सोसायची, लेपाने पाणी अडवायचं. एकाची उणीव दुसरा भरून काढू शकत नाही.

आता हिशेब. पट्टीची जाडी डेनियरमध्ये सांगतात, म्हणजे ९,००० मीटर पट्टीचं ग्रॅममधलं वजन. समजा इंचाला १० उभ्या आणि १० आडव्या पट्ट्या आहेत, प्रत्येक ९०० डेनियरची. (१० + १०) × ९०० × ३९.३७ ÷ ९,००० केलं की उत्तर येतं सुमारे ७९. म्हणजे नुसतं कापड चौरस मीटरला ७९ ग्रॅम. दोन्ही बाजूंना २५-२५ ग्रॅम लेप दिला की १२९. याच कापडावर लेप थापून वजन २५० पर्यंत नेलं, तर त्यात १७१ ग्रॅम नुसता लेप असतो. दुसरीकडे, असंच कापड दोन पदरी घेऊन मध्ये आणि दोन्ही बाहेरच्या अंगांना लेप देऊन जोडलं, तर १५८ ग्रॅम कापड आणि ९२ ग्रॅम लेप मिळून तेच २५० होतात. काट्यावर दोन्ही माल सारखे, पण दुसऱ्यात कापड बरोबर दुप्पट. भाव वेगळा का, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

हे दुकानात उभ्या उभ्या ओळखता येतं. ताडपत्रीवर पातळ कोरा कागद ठेवा आणि पेन्सिल आडवी धरून हलकेच घासा, लहान मुलं नाण्याचा ठसा काढतात तसं. विणीच्या चौकड्या कागदावर उमटतात. मोजपट्टी लावून एका इंचात उभ्या किती, आडव्या किती ते मोजा. ८×८, १०×१०, १२×१२ असे आकडे दिसतील. १२×८ निघालं तर आडवी बाजू दुबळी आहे हे समजून घ्या. चौकड्या उमटल्याच नाहीत तर लेप इतका जाड आहे की वीण त्याखाली बुडून गेली आहे. दोन पदरी माल उजेडासमोर धरला की दोन जाळ्या एकमेकींवर पडून पाण्यासारख्या लाटा दिसतात. एकेरीत त्या दिसत नाहीत. काळा थर असेल तर उजेड पार होत नाही, मग कापलेल्या कडेचे पापुद्रे नखाने सोडवून बघावे लागतात. अशा वेळी दोन्ही अंगांवरून कागदाचा ठसा काढावा.

वजन तपासायला १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा तुकडा नमुना म्हणून मागा आणि सराफाकडच्या बारीक काट्यावर तोला. जितके ग्रॅम भरतील त्याला शंभराने गुणा, तो जीएसएम. २.५ ग्रॅम म्हणजे २५०. जमलं तर काठाजवळचा एक आणि मधला एक असे दोन तुकडे घ्या, कारण लेप सगळीकडे सारखा पडलेला असतोच असं नाही. दुकानदार कापू देत नसेल तर अख्खी ताडपत्रीच तोला. १८ बाय २४ फुटांचं क्षेत्रफळ ४० चौरस मीटरपेक्षा किंचित जास्त, म्हणजे २५० जीएसएमचा माल दोरी आणि आयलेट (दोरी ओवायची काठावरची कडी) सोडून १० किलो भरलाच पाहिजे. साडेसात किलो भरला तर ती ताडपत्री १८७ जीएसएमची आहे, घडीवर काहीही छापलेलं असो. साइजही फिता लावून बघा. बरेचजण ‘कट साइज’ सांगतात. काठ दुमडून शिवल्यावर किंवा चिकटवल्यावर दोन्ही अंगांनी काही इंच कमी होतात, आणि गंजीवर टाकताना नेमके तेवढेच कमी पडतात.

भुकटीचं कसं ओळखायचं? पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं असतं, त्याची घनता ०.९५ च्या आसपास. भर म्हणून घालतात ती कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी २.७, म्हणजे जवळपास तिप्पट जड. वाटीत पाणी घ्या, साबणाचा एक थेंब टाका म्हणजे बुडबुडे चिकटणार नाहीत, आणि ताडपत्रीचा छोटा तुकडा बुडवून सोडा. चांगला माल वर येतो. तळाशी बसला तर वजनाने साधारण दहा टक्के किंवा त्याहून जास्त भर आहे असं समजावं. तरंगला म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण पट्टी ताणताना भुकटीच्या कणांभोवती बारीक पोकळ्या पडतात आणि भरवाली पट्टीही कधी कधी तरंगते. शंका असेल तर मोकळ्या हवेत, पत्र्यावर, चिमट्यात धरून तुकडा जाळा. निव्वळ पॉलिथिन मेणबत्तीसारखं जळून थेंबथेंब गळतं आणि मागे जवळजवळ काही उरत नाही. भर असलेला तुकडा पांढरी राख सोडतो. थोडी भर आणि रंग असणं हा गुन्हा नाही, पण राखेचा ढीग पडत असेल तर आपण खडू विकत घेतलेला असतो.

ताकदीची परीक्षा प्रयोगशाळेत आयएसओ १३९३४-१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे करतात. ५० मिलिमीटर रुंद पट्टा, दोन जबड्यांत २०० मिलिमीटर अंतर, मिनिटाला १०० मिलिमीटर ओढ, ताण्याकडून आणि बाण्याकडून किमान पाच-पाच नमुने. घरी इतकं जमणार नाही, पण पोतं तोलायचा ५० किलोचा हुकाचा डिजिटल काटा पुरतो. ताडपत्रीतून विणीच्या रेषेत १ सेंटिमीटर रुंद आणि हातभर लांब पट्टा कापा. कात्री तिरकी गेली तर पट्ट्या अर्ध्या कापल्या जातात आणि आकडा खोटा येतो. १०×१० विणीत एवढ्या रुंदीत साधारण ४ पट्ट्या बसतात. दोन्ही टोकं गाठ मारून बांधू नका, गाठीतच तुटेल. गुळगुळीत लोखंडी नळीच्या तुकड्यावर तीन-चार वेढे देऊन मग टोक पकडा. नळीवरच्या घर्षणाने ओढ हळूहळू उतरते आणि पट्टा मधोमध तुटतो. ९०० डेनियरची चांगली ताणलेली एक पट्टी चार किलोच्या आसपास सोसते, म्हणजे सेंटिमीटरला सोळा किलो. दोन पदरी मालात याच्या दुप्पट. बाराच्या आत तुटली तर पट्टी बारीक आहे, नीट ताणलेली नाही, किंवा लेप चढवताना जास्त तापून तिची ताणलेली घडण ढिली पडली आहे. लेप फार गरम चढवला की पट्टी आकसते आणि कापडावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक चढउतार दिसतात. असा माल हातात भरदार लागतो, म्हणूनच तो पटकन खपतो.

फाटण्याची परीक्षा याहून महत्त्वाची, कारण ताडपत्री ओढून क्वचितच तुटते. खिळ्याला, बांबूच्या टोकाला, ट्रकच्या हुकाला अडकून ती फाटते. तुकड्याच्या काठावर तीन सेंटिमीटरची चीर द्या आणि दोन जिभा विरुद्ध दिशेला ओढा. चांगल्या मालात चिरेच्या टोकाशी पट्ट्या सरकून एकत्र गोळा होतात आणि चार-पाच मिळून ओढ सोसतात, हाताला अडकल्यासारखं वाटतं. जाड लेपात पट्ट्या जागीच जखडलेल्या असतात, सरकू शकत नाहीत, म्हणून एकेक करून पटापट तुटतात आणि कापड कागदासारखं चर्रकन फाटत जातं. लेपाने वजन वाढवण्याचा खरा तोटा हा आहे. त्याच्यामुळे ताकद वाढत तर नाहीच, फाटणं मात्र सोपं होतं.

पाणी अडवण्याच्या बाबतीत नवी कोरी एचडीपीई ताडपत्री बहुधा पास होते. गळती सुरू होते ती घडीवर. आयएसओ ८११ च्या परीक्षेत १०० चौरस सेंटिमीटर कापडावर पाण्याचा दाब मिनिटाला १० किंवा ६० सेंटिमीटर उंच पाण्याइतका वाढवत नेतात आणि तिसऱ्या जागी थेंब दिसला की आकडा नोंदवतात. घरी प्लंबिंगची ११० मिलिमीटरची, एक मीटर लांब नळी घ्या, खालच्या तोंडाला ताडपत्रीचा तुकडा बसवा, होज क्लिप आवळा, नळी उभी बांधा आणि काठोकाठ पाणी भरा. आठ-साडेआठ लिटर मावेल, तेव्हा नळी मजबूत बांधलेली हवी. खाली कोरडा कागद ठेवून तासभर बघा. मग त्याच तुकड्याला एकाच जागी चारपदरी घडी घाला, त्यावर पाय देऊन दाबा, उलगडा, असं वीस वेळा करून पुन्हा नळीला लावा. भरवाल्या किंवा कडक लेपाला घडीच्या चौकात सुईएवढ्या भेगा पडतात आणि कागदावर ओला ठिपका उमटतो. खानापूरच्या पलीकडे, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात महिनोन्‌महिने पाऊस लागून राहतो, तिथे हा ठिपका म्हणजे गंजीच्या मधोमध सडलेलं गवत. ताडपत्री दरवेळी त्याच घडीवर दुमडू नये, शक्यतो बांबूवर गुंडाळावी.

पाणी साचू देणं ही वेगळी चूक. एक चौरस मीटर खळग्यात १० सेंटिमीटर पाणी म्हणजे शंभर किलो. लेप ते पाणी अडवेल, पण कापड ताणून पिशवीसारखं लोंबेल आणि काठाची आयलेट उपटून निघतील. उतार भरपूर द्या.

या ताडपत्रीचा खरा वैरी मात्र ऊन आहे. पावसाळ्यात ती फाटते म्हणून दोष पावसाला जातो, पण तिचा जीव गेलेला असतो मार्च ते मे मध्ये. उन्हातली अतिनील किरणं पॉलिथिनच्या साखळ्या तोडतात. पट्टी ठिसूळ होते आणि नखाने खरवडलं की भुसा निघतो. त्यावर उपाय कच्च्या मालातच घालावा लागतो, यूव्ही स्टॅबिलायझर म्हणून. तो महाग असतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच पहिली काटकसर त्याच्यावर होते. सर्वांत स्वस्त आणि भरवशाचं संरक्षण काजळीचं, म्हणजे कार्बन ब्लॅकचं. एका अंगाने काळी असलेली ताडपत्री घ्या म्हणतात त्यात तथ्य आहे. प्रयोगशाळेत यूव्ही दिव्यांच्या पेटीत आठ तास ६० अंशांवर प्रकाश आणि चार तास ५० अंशांवर दमट वाफ अशी पाळी लावतात, आणि नंतर ताकद किती उरली ते मोजतात. सोसायटीसाठी किंवा कारखान्यासाठी शंभरभर ताडपत्र्या घ्यायच्या असतील तर जानेवारीतच दोन-तीन दुकानांतून नमुने आणा. प्रत्येकाचे अर्धे पट्टे दक्षिणेकडे तोंड करून गच्चीवर ताणून बांधा, अर्धे घरात अंधाऱ्या बंद पेटीत ठेवा. मे अखेर दोन्ही हुकाच्या काट्यावर ओढा. ज्याची ताकद निम्म्यावर आली तो माल घेऊ नका. बेळगावच्या उन्हाइतकी स्वस्त आणि खरी परीक्षा दुसरी नाही.

आयलेट आणि काठ थोडक्यात. काठ दुमडून आत दोरी असावी, आयलेट दोन पदरांतून आणि शक्यतो कोपऱ्यावर जादा ठिगळातून गेलेलं असावं. अंगठ्याने दाबून फिरवा, सैल फिरलं तर ते टिकणार नाही. जोड वितळवून केलेला हवा. शिलाईच्या सुईने लेपाला भोकं पडतात आणि पट्ट्याही कापल्या जातात. बांधताना नायलॉन दोरी सरळ आयलेटला आवळू नका. मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, वाऱ्याचा झटका रबर खाऊन टाकतं.

निपाणीकडच्या तंबाखूवाल्यांनी मात्र ही ताडपत्री विचार करून वापरावी. प्लास्टिकमधून वाफ बाहेर जात नाही. दिवसा तापलेल्या तंबाखूतला ओलावा रात्री ताडपत्रीच्या आतल्या अंगाला थेंब होऊन लागतो, खाली गळतो आणि बुरशी धरते. बटाट्याचंही तेच. तिथे सुती कॅनव्हास आजही सरस आहे. तो श्वास घेतो, आणि ओला झाला की सूत फुगून विणीतली भोकं बुजतात. ओलं सूत कोरड्यापेक्षा जास्त ओढही सोसतं. फक्त भिजलेल्या कॅनव्हासला आतून बोट किंवा माल टेकू देऊ नका, टेकलं तिथून झिरपायला सुरुवात होते. तोटे दोन. भिजला की दोघांना उचलेना, आणि ओला घडी करून ठेवला तर काही दिवसांत काळे डाग पडून कुजायला लागतो.

कॅनव्हासचा मूळ जलरोधक लेप उतरला की घरी थोडा परत आणता येतो. १० लिटर कोमट पाण्यात ५०० ग्रॅम साधा कपड्याचा वडीचा साबण किसून विरघळवा, ब्रशने दोन्ही अंगांना चोळा, ओलसर राहील इतपत वाळवा. मग १० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम तुरटी विरघळवून तसंच चोळा. साबण आणि तुरटी मिळून ॲल्युमिनियमचा न विरघळणारा साबण धाग्यावरच तयार होतो आणि पाणी मण्यांसारखं घरंगळतं. शेवटी साध्या पाण्याने खळखळून धुवा, कारण उरलेली तुरटी आम्लधर्मी असते आणि सुताला खाते. डिटर्जंट पावडर अजिबात चालत नाही. तिच्याने पाणी अडण्याऐवजी उलट मुरतं. याने कुजणं थांबत नाही, त्यासाठी कारखान्यातूनच तांब्याच्या क्षारांची प्रक्रिया झालेला, हिरवट छटेचा कॅनव्हास घ्यावा.

पीव्हीसी लेपाचं पॉलिएस्टर कापड महामार्गावरच्या ट्रकसाठी. वारा चोवीस तास फडफडवतो तिथे एचडीपीई टिकत नाही. घेताना लेप आणि कापड यांची पकड बघा. कडेला ब्लेडने लेप थोडा सोडवा आणि ओढा. सालीसारखा सुटत गेला तर परत द्या. कापलेली कड रंगीत पाण्यात तासभर बुडवून ठेवा. रंग धाग्यातून आत चढला तर पावसाचं पाणीही तसंच चढणार आणि आतून काळी रेघ धरणार.

ठिगळाबद्दल एक सांगायलाच हवं, कारण इथे सर्रास चूक होते. पॉलिथिनला फेव्हिकॉल, पंक्चरचं सोल्यूशन, काहीच धरत नाही. त्याच मालाचा तुकडा घ्या, कोपरे गोल कापा, भोकाच्या चारी बाजूंना पाच सेंटिमीटर पुरेल एवढा. दोन्ही पृष्ठभाग पुसून कोरडे करा, वर बेकिंगचा कागद ठेवा आणि इस्त्री मंद ठेवून पाच-पाच सेकंद दाबा. लेप ११० अंशांच्या आसपास वितळतो आणि पट्टी १३० च्या आसपास, त्यामुळे मोकळीक फार थोडी. पट्टी आकसून सुरकुत्या पडल्या की ती जागा गेली, म्हणून आधी कातरणावर हात बसवून घ्या. घाईच्या वेळी ब्युटाइल रबराची चिकटपट्टी दोन्ही अंगांनी लावा, पावसाळा निघून जातो.

बिलावर चार गोष्टी लिहून घ्या: जीएसएम, इंचाला वीण, तयार साइज, आणि एचडीपीई ताडपत्रीसाठीचं भारतीय मानक आयएस ७९०३ लागू आहे की नाही. मोठी खरेदी असेल तर माल उचलण्याआधी नमुना इचलकरंजीच्या डीकेटीई, मुंबईच्या बीटीआरए किंवा म्हैसूरच्या सिपेटसारख्या कापड-प्लास्टिक तपासणाऱ्या संस्थेत चौकशी करून पाठवा. मागायचं ते नेमकं मागा: ताण्या-बाण्याची ताकद यूव्हीच्या आधी आणि नंतर, फाटण्याचा आकडा, घडीनंतरचा पाण्याचा दाब, आणि राखेचं प्रमाण. नमुना थप्पीच्या वरचा देऊ नका, मधली घडी उलगडून तिच्यातून कापा.